रावसाहेबाची तीन सेलांची बॅटरी

फोन आला तेव्हा मी एका मिक्सरचा स्विच खोलून बसलो होतो. सकाळचे साडेदहा झाले असतील, शटर नुकतंच वर केलेलं. वेरूळहून लक्ष्मीवहिनी बोलत होत्या. "गफूरभाई, हे गेले," एवढंच म्हणाल्या, बाकीचं मागून कळलं. रावसाहेब सकाळी चहा प्यायला, कपबशी चाचपत स्वतःच मोरीत नेऊन ठेवली, ओसरीवर येऊन भिंतीला टेकला आणि गेला. समोर गिऱ्हाईक उभं होतं. मी त्याला म्हणालो, "मिक्सर उद्या." तो म्हणाला, "अहो, आजच देतो म्हणाला होतात ना?" त्या बिचाऱ्याचं काय चुकलं होतं? पण मी त्याच्यावर असा खेकसलो की शेजारचा पानवाला बघायला आला. माझं हे असंच आहे. दुःख झालं की आधी राग येतो, रडू मागून येतं. त्या दिवशी ते वेरूळच्या बसमध्ये, दौलताबादच्या घाटात आलं. या गोष्टीला आता पाच आठवडे होतील.

रावसाहेब आणि मी आठवीपासून एका बाकावरचे. तो वेरूळच्या शेतकऱ्याच्या घरचा, शिकायला शहरात मावशीकडं राहिलेला. मी शहरातल्याच पैठण गेटचा. पोलीस ॲक्शननंतरच्या वर्षांत माझ्या अब्बांनी तिथं कंदील आणि स्टोव्ह दुरुस्तीचं दुकान टाकलं होतं, तेच मी अजून चालवतो. घरात आमची दखनी बोली, पण अब्बांनी हट्टानं मला मराठी शाळेत घातलं. म्हणायचे, आता कचेरीचे कागद मराठीत येणार, घरात एक तरी वाचणारा पाहिजे. पहिले दोन महिने मला वर्गात काही कळायचं नाही, आणि रावसाहेबाला काही दिसायचं नाही. त्याचा चष्मा तेव्हापासूनच जाड, बाटलीच्या बुडासारखा. मग आमचं ठरलं. मी फळ्यावरचं बघून त्याला अक्षरं सांगायची, त्यानं मला अर्थ सांगायचा. अशा रीतीनं दोघं मिळून एक विद्यार्थी पास झालो, असं तो सगळ्यांना सांगत सुटायचा. त्याचा चष्मा जाड होता हे मी आत्ताच सांगून ठेवतो. पुढं एका वेळी मला ते आठवायला हवं होतं आणि आठवलं नाही.

शाळा संपल्यावर तो गावी परत गेला. शेती भावानं बघितली आणि हा लेणी दाखवू लागला. कुणी नेमलेला नव्हता, पगार नव्हता. पण त्याच्यासारखं दाखवणारा दुसरा मी पाहिला नाही. कैलास उघड्यावर आहे, तिथं कुणीही हात वर करून चार गोष्टी सांगेल. खरी परीक्षा आतल्या अंधाऱ्या लेण्यांत. भर दुपारीही तिथं बॅटरी लागते. बॅटरी म्हणजे हातातली, तोंडाला काच आणि पोटात सेल असलेली. शहरातली पोरं हल्ली तिला टॉर्च म्हणतात. रावसाहेबाची तीन सेलांची होती, लांबलचक, वरचा मुलामा उडून आतलं पितळ दिसू लागलेली. सुतार लेण्यात गेला की तो आधी बॅटरी लावायचाच नाही. लोकांना अंधारात उभं करायचा. "डोळ्यांना जरा बसू द्या," म्हणायचा. मग एकदम छताकडं उजेड मारायचा आणि दगडात कोरलेल्या त्या वाशांवरून हळूहळू, एकेक वासा मोजत, खाली मूर्तीच्या चेहऱ्यावर आणून थांबवायचा. बडबडणारी माणसंसुद्धा तिथं गप्प होत. मी वीस वेळा पाहिलं असेल, वीसही वेळा गप्प झालो, आणि माझ्यासारख्या माणसाला गप्प करणं म्हणजे गंमत नाही.

ती बॅटरी दुरुस्तीला माझ्याच हाताखालून जायची. एकदा तिच्या बुडातली स्प्रिंग टोकाला मोडली. लेण्यात गुजरातकडची मंडळी उभी, आणि उजेड गेला. या पठ्ठ्यानं काय करावं? विहिरीवरच्या जळालेल्या मोटारीतली तांब्याची तार खिशात होती, ती स्प्रिंगच्या टोकाला अडीच वेढे गुंडाळली, दातानं आवळली आणि बॅटरी चालू केली. पुढच्या खेपेला ऐटीत मला दाखवायला आला. मी भिंगातून बघितलं. वेढे असे घट्ट आणि सारखे की मला तिथं हात लावावासा वाटेना. "अरे यार, तू तर माझ्या पोटावर पाय देणार," मी म्हणालो. तो इतका खूश झाला की बसस्टँडपर्यंत तेच बोलत होता. ते अडीच वेढे मी तसेच राहू दिले.

आता जे सांगायचं आहे ते सांगतो. टाळून टाळून किती टाळणार?

तिसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. एका गुरुवारी रावसाहेब दुकानात आला आणि बॅटरी टेबलावर ठेवून म्हणाला, "गफूर, ही लपलपायली बघ." बॅटरी लपलपते, म्हणजे उजेड मधेच जातो-येतो, तेव्हा कुठंतरी जोड सैल झालेला असतो, दुसरं काही नसतं. मी सेल काढून बघितले, ताजे होते. बल्ब फिरवून घट्ट केला, त्याच्या बुडाचा शिशाचा ठिपका पॉलिश पेपरनं घासला. लावली, लख्ख. दोन आठवड्यांनी पुन्हा हजर. "तसंच करायली रे." यावेळी बटणाखालची पितळी पट्टी काढली, जरा वर वाकवली, आटे रॉकेलनं धुतले. पुन्हा लख्ख. माझ्यासमोर ती एकदाही लपलपली नाही. तिसऱ्यांदा आला तेव्हा मी बल्बच बदलला, आणि माझं डोकं तापायला लागलं होतं. "नीट सांग, कधी होतं?" मी विचारलं. तो विचार करून म्हणाला, "लेण्यात. अंधारात. मधे नाय, कडेकडेनं झपके मारती." मग जरा थांबून, थोडा लाजत म्हणाला, "आन् गफूर, हसू नको... बंद केल्यावर बी एखादा झपका मारती."

मी हसलो. हसलोच. दुकानात तीन-चार माणसं बसलेली, त्यांनाही हसवलं. "ऐका हो! आमचा रावसाहेब म्हणतो, याची बॅटरी बंद असताना चमकते! सेलांचा खर्च वाचला!" तोही हसला. चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला. मी माझ्या डोळ्यांनी त्याला चष्मा पुसताना बघितलं, आणि तरीही बघितलं ते बॅटरीकडंच. जी वस्तू बंद आहे ती चमकू शकत नाही, हे मला कळत होतं. मग चमकतंय ते दुसरंच काहीतरी असणार, एवढं पुढचं एक पाऊल मला टाकता आलं नाही. चाळीस प्रकारचे बिघाड शोधणारा मी माणूस! एक प्रश्न विचारायचा होता. तुझ्याबरोबरच्या माणसांना पण लपलपताना दिसतं का? बस, एवढाच. तो म्हणाला असता, नाही, मला एकट्यालाच. आणि मी बॅटरी ठेवून त्याला उचललं असतं.

चौथ्यांदा आला तेव्हा दुकान भरलेलं होतं. मी ती बॅटरी पार खोलली. काच, वाटी, बल्ब, पट्टी, बुडाचं झाकण, स्प्रिंग... सगळं फडक्यावर मांडलं. मीटर लावून जोड न् जोड तपासला. काही नाही. ठणठणीत. पण आमच्या दुकानात "काही बिघाड नाही" हे वाक्य कधी बोललं गेलं नव्हतं. अब्बा बोलले नाहीत, मी बोललो नाही. गफूरकडं नेलं की सापडतं, असं लोक म्हणायचे, आणि मला ते ऐकायची चटक होती, खोटं कशाला बोलू. मी पाठमोरा झालो, सगळं होतं तसं परत बसवलं, झाकण आवळलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "सापडलं! बुडातली स्प्रिंग गेली होती. नवी टाकली. आता लपलपली तर दुकान तुझ्या नावावर." रावसाहेबाचा चेहरा असा उजळला! "मला वाटलंच," म्हणाला, "उगंच घोर लागला होता." मला पेढा आणून दिला, आणि मी तो खाल्ला.

त्यानंतर तीन महिने तो दुकानाकडं फिरकला नाही. मी समजलो, बरी चालली असेल. आला तो वहिनींचा निरोप, उजव्या डोळ्यावर पडदा उतरल्यासारखं झालंय, शहरात आणतोय. मी त्यांच्याबरोबर डोळ्याच्या डॉक्टरांकडं गेलो. डॉक्टरांनी तपासलं, दोनदा तपासलं, मग विचारलं, "पडदा यायच्या आधी चमकल्यासारखं व्हायचं का? कडेला?" रावसाहेब म्हणाला, "व्हय. सहा महिने झाले असतील. पण ती बॅटरी होती हो, डॉक्टरसाहेब. नंतर स्प्रिंग बदलली तरी व्हायचं. पण पाचव्यांदा गेलो तर आमच्या या मित्राचं नाव खराब व्हईल, म्हणून गेलो नाय." डॉक्टरांनी एकदा माझ्याकडं बघितलं. आतला पडदा सुटलाय, म्हणाले. जाड चष्मेवाल्यांना हे व्हायचा धोका जास्त असतो. झपके सुरू झाले तेव्हा आला असता तर बरंच वाचवता आलं असतं. ऑपरेशन केलं, पण उजवा गेला. डाव्यात धुरकट राहिलं होतं, चार-पाच वर्षांत तेही गेलं.

मी काय करायला हवं होतं ते मला ठाऊक आहे. त्याच दिवशी, त्याच खोलीत म्हणायला हवं होतं की स्प्रिंग मी बदललीच नव्हती. मी खोटं बोललो नसतो तर तू ते तीन महिने वाट बघत बसला नसतास. पण मी त्याचा हात धरून त्याला बाहेर घेऊन आलो. दवाखान्याच्या पायऱ्यांवर रावसाहेबच माझी समजूत काढत होता. "तू बॅटरीचा डॉक्टर, डोळ्याचा थोडाच? चल, चहा पाज."

लोकांना वाटलं, आता हा घरी बसणार. हा बसतोय कसला! सहा महिन्यांत पुन्हा लेण्यांवर. पायऱ्या त्याच्या पायांना पाठ, खांब त्याच्या हातांना पाठ. पाहुण्याच्या कोपराला धरून चालायचा आणि हातात तीच बॅटरी. कुणी विचारलं, काका, तुम्हाला हो कशाला बॅटरी, तर म्हणायचा, "मला नाय लागत, तुम्हाला लागती." सुतार लेण्यात तसाच उभा करायचा, डोळ्यांना बसू द्या म्हणायचा, आणि तसाच उजेड छतावर मारून एकेक वासा मोजत खाली आणायचा. मी जीव मुठीत धरून बघायचो, आता चुकेल, आता भलतीकडं जाईल. नाही. मूर्तीच्या चेहऱ्यावर येऊन थांबायचा, नेमका. एकदा पुण्याकडच्या एक बाई बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, तुमच्या मित्राला दिसत नाही हे मला आत्ता कळलं.

सेल तो स्वतः बदलायचा. ओसरीवर बसून झाकण फिरवायचं, जुने सेल काढायचे, नवे सरकवायचे, बोटानं स्प्रिंग चाचपायची, झाकण लावायचं. दोन मिनिटांचं काम. जुने सेल फेकायचे नाहीत, ते पत्र्यावर उन्हात ठेवायचे, चार दिवस आणखी चालतात म्हणून. मी त्याला शंभरदा सांगितलं, अरे बाबा, उन्हानं सेल भरत नाहीत, फुटतील एखाद्या दिवशी. "तू शहाणा तुझ्या दुकानात," म्हणायचा. पण ती बॅटरी दुरुस्तीला म्हणून त्यानं माझ्याकडं पुन्हा कधी दिली नाही, आणि मीही कधी मागितली नाही. आता विचार करतो तेव्हा वाटतं, इतक्या वर्षांत एकदाही बिघडली नसेल का?

एकदा मी सांगायला गेलो होतो. आम्ही दोघं फुलंब्रीला एका लग्नाला निघालो होतो, बसमध्ये शेजारी शेजारी. ऊन त्याच्या तोंडावर येत होतं, त्याला खिडकी लावायचं सुचत नव्हतं. मी त्याच्या अंगावरून हात घालून काच सरकवली आणि तसाच, त्याच्याकडं न बघता म्हणालो, "रावसाहेब, तुझ्या बॅटरीची ती स्प्रिंग..." त्यानं माझ्या मांडीवर हात ठेवला. "चांगली चालायली तुझी स्प्रिंग," म्हणाला. "काळजी करू नको." आणि लगेच, लग्नात जिलबी असेल की बुंदी, यावर बोलायला लागला. मला सुटल्यासारखं वाटलं. खरं सांगतो, लाज वाटायच्या आधी मला सुटल्यासारखं वाटलं. वाटलं, त्याला माहीत नाही, तर कशाला सांगायचं? जिलबीच होती. त्यानं चार वेळा घेऊन खाल्ली.

दहाव्याला मी गेलो होतो. माणसं पांगल्यावर लक्ष्मीवहिनींनी आतून एक पिशवी आणली. जुन्या ब्लाऊजपीसची, नाडी ओवलेली, त्यांनीच शिवलेली. "ही तुम्ही घेऊन जा, गफूरभाई. आत सेल आहेत, ते काढून ठेवा, गळतील." मी ओसरीवर बसून झाकण फिरवलं. सेल काढले. झाकणाच्या आतली स्प्रिंग माझ्या बोटाला लागली आणि मी तिथंच थांबलो. टोकाला अडीच वेढे. काळपट पडलेली तांब्याची तार, दातानं आवळलेली. अर्थात तीच असणार होती, बदलली कुणी होती? पण हे मला त्या क्षणापर्यंत सुचलं नव्हतं, की ज्या माणसानं ती तार स्वतःच्या हातानं गुंडाळली, तो दर महिन्याला सेल बदलताना ती स्प्रिंग बोटानं चाचपत होता. वीस-पंचवीस वर्षं.

"वहिनी," मी म्हणालो, "ही स्प्रिंग..."

त्या माझ्या समोर बसल्या. पदर सावरला. "त्यांना माहीत व्हतं," म्हणाल्या. "नजर गेल्यावर पहिल्यांदा बोटानं चाचपून सेल टाकले ना, तवाच कळलं. मला म्हणाले, अगं, ही माझीच तार आहे. लई वेळ हातात धरून बसले व्हते. मी म्हणलं, विचारा की त्यांना. तर म्हणाले, नाय. गफूरला वाईट वाटंल. त्याला कवाच कळू द्यायचं नाय."

मी त्या ओसरीवर काय काय बोललो ते लिहीत नाही. रावसाहेबाला शिव्या दिल्या, एवढं सांगतो. हरामखोरा, तू मला एकदा तरी बोलायचं होतंस. चार लोकांत बोलायचं होतंस, मी हसलो होतो ना चार लोकांत? वहिनींनी पाणी आणून दिलं. मग मी त्यांना सगळं सांगितलं, जे त्याला सांगायचं होतं ते. त्या ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "गफूरभाई, तुमच्याकडं यायचं असलं की ते आदल्या दिवसापासून गुणगुणत असायचे, ते तुम्हाला ठाऊक आहे का?" नव्हतं ठाऊक.

आता ती बॅटरी माझ्या दुकानात खुर्चीमागच्या खिळ्याला टांगलेली आहे, पिशवीसकट. स्प्रिंग तीच. गेल्या आठवड्यात चितेगावकडचे एक गृहस्थ आले, साठीचे असतील, तिथल्या कारखान्यातून निवृत्त झालेले. हातातली नवी चार्जिंगची बॅटरी टेबलावर ठेवली. "अहो, ही लपलपते," म्हणाले. "दोन ठिकाणी दाखवली, कुणाला सापडत नाही. तुमच्याकडं सापडतं म्हणतात." बाकावर तीन माणसं आपापलं सामान घेऊन बसली होती. मी स्क्रू ड्रायव्हर उचलला, आणि परत खाली ठेवला.

"घरातल्यांना दिसतं का लपलपताना?" मी विचारलं.

"नाही. बायको म्हणते, नीट आहे."

मी ती लावली, बघितली, बंद केली. त्यांच्या हातात परत दिली आणि बाकावरच्या माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "यात काही बिघाड नाही." मग बाकावरच्यांना उद्या यायला सांगितलं, शटर खाली ओढलं आणि त्या गृहस्थांना म्हणालो, "चला माझ्याबरोबर. डोळ्याचे डॉक्टर इथं जवळच बसतात."